डिरेक्टरीची तारीख जुनी, आतल्या फायली मात्र नव्या

प्रश्न
नमस्कार. उबुंटूच्या सर्व्हरवर आमच्या अहवालांची एक डिरेक्टरी असून तिच्यात वर्षवार उपडिरेक्टऱ्या आहेत. रोज रात्री दहानंतर एक स्क्रिप्ट तिथल्या जुन्याच फायलींच्या शेवटी नवा मजकूर जोडते. सकाळी ‘एलएस -एल’ चालवले, तर उपडिरेक्टऱ्यांवर गेल्या महिन्याचीच तारीख दिसते; आत जाऊन पाहावे, तर फायलींवर काल रात्रीची वेळ असते. प्रत्येक उपडिरेक्टरीत न शिरता, कोणती फाइल केव्हा बदलली हे एका कमांडमध्ये कसे पाहावे?

उत्तर १
सर्व्हरचे काहीही चुकलेले नाही. डिरेक्टरी ही मुळात नावांची यादी आहे. तिच्यात एखादे नाव वाढले, गेले किंवा बदलले तरच तिची वेळ बदलते, आणि आपली स्क्रिप्ट असलेल्याच फायलीत लिहीत असल्यामुळे त्या यादीला धक्काच लागत नाही. (काही एडिटर मात्र सेव्ह करताना नवी फाइल लिहून तिला जुनीचे नाव देतात, तेव्हा डिरेक्टरीची तारीखही पुढे सरकते.) एकाच डिरेक्टरीपुरते ‘एलएस -एलटीआर’ पुरेसे आहे, त्यात सर्वांत नवी फाइल तळाशी येते. उपडिरेक्टऱ्यांसह पाहायचे असल्यास ‘फाइंड . -टाइप एफ -एममिन -७२० -एलएस’ चालवावे. गेल्या ७२० मिनिटांत, म्हणजे १२ तासांत बदललेल्या फायली वेळेसह दिसतील.

उत्तर २
मिनिटांऐवजी दिवसांत मोजणारे ‘-एमटाइम’ वापरणार असाल, तर सावध राहावे. त्यातील दिवस हा कॅलेंडरचा नसून कमांड चालवल्या क्षणापासून मागे मोजलेला २४ तासांचा असतो आणि अपूर्ण दिवस सोडून दिला जातो. त्यामुळे ‘+१’ लिहिल्यास किमान ४८ तास जुन्या फायलीच मिळतात. आपल्याला रात्रीचे दहा हीच सीमा हवी आहे, तेव्हा ‘-न्यूअरएमटी "यस्टरडे २२:००"’ अधिक नेमके ठरेल.

प्रश्नकर्ता
आभारी आहे, यादी मिळाली. मात्र काल रात्रीच दुसऱ्या सर्व्हरवरून आणलेली एक फाइल तिच्यात नाही.

उत्तर १
ती ‘सीपी -पी’ किंवा ‘आरसिंक -ए’ने आणली असेल, तर मूळ वेळ तशीच राहते. ‘एलएस -एलसी’ने तिचा सीटाइम पाहावा. अनेकजण त्याला निर्मितीची वेळ समजतात. प्रत्यक्षात तो आयनोडमधील, म्हणजे फायलीचा मालक, परवानग्या वगैरे माहितीच्या नोंदीतील, शेवटच्या बदलाची वेळ दाखवतो, आणि फायलीची वेळ बदलणाऱ्या ‘टच’ कमांडनेही तो मागे नेता येत नाही. शोधण्यासाठी वरील कमांडमध्ये ‘-एममिन’च्या जागी ‘-सीमिन’ लिहावे.