मदत हवी आहे : डुप्लिकेट चार्जर, मुलीला शॉक, बिल नाही. तक्रार कुठे करू?

नमस्कार मंडळी. मी सोलापूरची, अशोक चौकाजवळ राहते.

महिन्यापूर्वी नवी पेठेतल्या एका दुकानातून चार्जर घेतला. नाव, खोकं, होलोग्राम हुबेहूब. ओरिजिनल बाराशेचा, हा साडेतीनशेला. "फर्स्ट कॉपी आहे ताई, माल तोच." बिल मागितलं तर म्हणाला, मग टॅक्स पडेल. मी गप्प बसले.

परवा रात्री धाकटी गादीवर बसून, फोन चार्जिंगला असतानाच काही वाचत होती. एकदम किंचाळली. फोन लांब फेकला गेला. मी धावत जाऊन बटण बंद केलं. चार्जर मऊ पडला होता, पिनेपाशी तपकिरी डाग, खोलीभर जळका वास. डॉक्टरांना दाखवलं, ती बरी आहे. पण बोटाच्या पेरावर पांढरा फोड आहे, तो दिसला की माझ्या पोटात गोळा येतो.

सासऱ्यांनी आयुष्यभर यंत्रमागावर जेकार्ड चादरी विणल्या. जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन असूनही बाहेरचा हलका माल 'सोलापुरी' म्हणून विकतात, तो पहिल्याच धुण्यात रंग सोडतो आणि नाव आमच्या मागवाल्यांचं जातं. आमच्या घरात हे रोजचं बोलणं. तरी मी तेच विकत आणलं, ह्याचं फार वाईट वाटतं.

बिलाशिवाय तक्रार घेतात का? पैसे यूपीआयने दिलेत. चार्जरवर आर-नंबर (R ने सुरू होणारा सरकारी नोंदणी क्रमांक) आहे, तो खरा की खोटा कसं कळतं?

प्रतिसाद १
ताई, चार्जर फेकू नका, तोच पुरावा. खोकं आणि यूपीआयची नोंदही जपा. भारतीय मानक ब्युरोच्या (बीआयएस) 'बीआयएस केअर' ॲपमध्ये आर-नंबर टाका, कोणत्या कंपनीचा, कोणत्या वस्तूचा ते दिसतं. तक्रारही तिथेच करता येते. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही नोंदवा. चार्जरमध्ये २३० व्होल्टची बाजू आणि फोनकडची ५ व्होल्टची बाजू ह्यांत पुरेसं अंतर आणि पक्कं इन्सुलेशन लागतं. नकली माल बनवणारे खर्च वाचवतात तो तिथेच. बाहेरून काही कळत नाही.

धागाकर्ती
नंबर टाकून बघितला. दुसऱ्याच कंपनीच्या एलईडी दिव्याचा निघाला! १९१५ वर तक्रार नोंदवली. शेजारच्या काकूंनी माझं बघून त्याच दुकानातून तोच चार्जर आणलाय, आधी तो काढायला लावते.