घरच्या संगणकासाठी विंडोज, मॅक की लिनक्स?

मूळ धागा : कृष्णाकाठ, विश्रामबाग (सांगली)

विंडोज १० ची नियमित सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाली आणि तेव्हापासून आमच्या भागात एकच सल्ला ऐकू येतो : जुना संगणक काढा, नवा घ्या. बहुतेक घरांच्या बाबतीत हा सल्ला चुकीचा आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत ही यादी, थोडे अपवाद वगळता, आठव्या पिढीपासून म्हणजे २०१७ च्या उत्तरार्धापासून सुरू होते. त्याआधीचे सहाव्या-सातव्या पिढीचे आय-थ्री आणि आय-फाइव्ह या अटीत बसत नाहीत, पण म्हणून ते निकामी झालेले नाहीत. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी ही वेगवान डिस्क बसवली आणि रॅम ८ जीबी केली, तर त्यांवर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी संगणकप्रणाली उत्तम चालते. मिंटची २२ वी आवृत्ती उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्स-प्रणालीवर आधारलेली आहे आणि तिला २०२९ पर्यंत अद्यतने मिळणार आहेत. सातबारा पाहणे, वीजबिल भरणे, मुलांचे परीक्षेचे अर्ज, बँकेचे व्यवहार ही घरातली बहुतेक कामे ब्राउझरमध्ये होतात आणि फायरफॉक्स किंवा क्रोम तिन्ही प्रणालींवर सारखेच चालतात.

याहून महत्त्वाचा मुद्दा परवान्याचा आहे. असेंबल्ड संगणक घेताना ‘विंडोज टाकून देतो’ असे सहज सांगितले जाते, पण परवान्याची रक्कम बिलात कोठेच नसते. ती चोरीची प्रत चालू राहावी म्हणून जे प्रोग्रॅम वापरतात, ते चालवण्यापूर्वी अँटीव्हायरस बंद करायला सांगितले जाते आणि पुढे त्याच यंत्रावरून घरातली माणसे बँकेचा पासवर्ड टाकतात. लिनक्स फुकट आहे आणि कायदेशीरही आहे. एवढ्या एका कारणासाठीही मी त्याची शिफारस करीन.

प्रतिसाद : हिशेबनीस, गणपती पेठ (सांगली)

आपले विवेचन ‘फक्त ब्राउझर वापरणारे घर’ गृहीत धरून चालते, आणि तेथेच माझा विरोध आहे. मी हळदीच्या काही अडत्यांचे हिशेब घरी बसून लिहितो. टॅली प्राइम हा हिशेबाचा प्रोग्रॅम विंडोजचा आहे आणि लिनक्सवर तो मूळ स्वरूपात चालत नाही. कंपन्यांच्या विवरणपत्रांना डिजिटल सहीचे टोकन, म्हणजे पेनड्राइव्हसारखे उपकरण, लागते. ते ओळखणारे प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, विंडोजवर सरळ बसतात, इतरत्र ते मिळवून जुळवत बसावे लागते. अडत्यांकडून येणाऱ्या एक्सेलच्या फायलींमध्ये मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या आज्ञा, असतात आणि लिनक्सवरच्या लिबरऑफिस या फुकट ऑफिस-प्रोग्रॅममध्ये ते जसेच्या तसे चालतीलच याची खात्री नसते. घरात संगणक एकच आहे. दिवसा त्यावर माझे काम चालते आणि संध्याकाळी मुलगी एमएस-सीआयटीचा सराव करते; त्या अभ्यासक्रमात विंडोज आणि एमएस ऑफिस शिकवतात. पुतण्या मेकॅनिकलला आहे, त्याला यंत्रांच्या आराखड्यांसाठी लागणारे सॉलिडवर्क्सही विंडोजवरच चालते. अशा घराने प्रणाली बदलावी कशासाठी? शिवाय घरगुती ग्राहकांना विंडोज १० ची सुरक्षा अद्यतने नोंदणी करून ऑक्टोबर २०२६ पर्यंत घेता येतात, हे आपण सांगायला हवे होते.

परवान्याबद्दल मात्र दुमत नाही. मी परवाना विकत घेतलेला आहे आणि प्रत्येकाने घ्यावा.

प्रतिसाद : अक्षरजुळणी, मिरज

लग्नपत्रिका आणि संस्थांचे अहवाल करणाऱ्यांची अडचण वेगळीच आहे. आमची वर्षानुवर्षांची कामे श्री-लिपी या मराठी टंकलेखनाच्या प्रोग्रॅमच्या जुन्या फॉन्टमध्ये आहेत. त्यांची अक्षरयोजना युनिकोडची, म्हणजे सर्व यंत्रांना समजणाऱ्या सामाईक संकेतांची, नाही, त्यामुळे फॉन्ट नसलेल्या यंत्रावर मजकुराऐवजी निरर्थक चिन्हे दिसतात. जोवर ग्राहक मागच्या वर्षीचा अहवाल पुढे करून ‘एवढा बदल करून द्या’ म्हणतो, तोवर विंडोज सोडणे आम्हाला शक्य नाही.

प्रतिसाद : अजिंक्यतारा (सातारा)

मॅकचा उल्लेख शीर्षकापुरताच राहिला आहे. २०२० च्या नोव्हेंबरात आलेल्या मॅकबुक एअरमध्ये (ॲपलचा स्वतःचा एम-वन प्रोसेसर असलेल्या) पंखाच नाही आणि वीज गेल्यावर बॅटरी दिवसभराचे काम सहज काढते. एकदाच पैसे घालून बरीच वर्षे निश्चिंत राहायचे असेल, तर मला दुसरा पर्याय दिसत नाही.

प्रतिसाद : कृष्णाकाठ

अजिंक्यतारा, बॅटरीबद्दल आपण म्हणता ते खरे आहे. पण त्या यंत्राची रॅम नंतर वाढवता येत नाही, म्हणजे आज ८ जीबी घेतली की शेवटपर्यंत ८ जीबीच. आणि मुदत तेथेही संपते : इंटेल प्रोसेसरच्या जुन्या मॅकसाठी टाहो ही मॅकच्या प्रणालीची शेवटची मोठी आवृत्ती असल्याचे ॲपलने २०२५ मध्ये जाहीर केले.

हिशेबनीस, टॅली आणि टोकन यांवर ज्यांची रोजीरोटी आहे त्यांनी विंडोज ठेवावे, त्याबद्दल माझा आग्रह नाही. वाढीव वर्षाची आपली दुरुस्तीही मान्य आहे, मात्र जुने यंत्र त्यानंतरही विंडोज ११ च्या अटीत बसणार नाही. एमएस-सीआयटीचा मुद्दा मला पटत नाही. केरळच्या सरकारी शाळांमधली मुले वर्षानुवर्षे लिनक्सवर संगणक शिकत आली आहेत आणि त्यामुळे त्यांचे काही अडले आहे असे दिसत नाही. ज्या मुलाला दस्तऐवजाची रचना आणि स्प्रेडशीटमधले सूत्र समजले, त्याला बटणांची जागा बदलल्याने फरक पडत नाही.

अक्षरजुळणी यांनी मांडलेली अडचण खरी आहे, पण तिचे मूळ विंडोज किंवा लिनक्समध्ये नाही, जुन्या फॉन्टमध्ये आहे. निदान यापुढचे काम तरी युनिकोडमध्ये करावे. युनिकोडमध्ये मराठी लिहिण्याचा इनस्क्रिप्ट कळफलक तिन्ही प्रणालींत आधीपासून असतो, आणि युनिकोडमध्ये लिहिलेला अहवाल दहा वर्षांनी कोणत्याही यंत्रावर उघडेल.

ज्यांना शंका आहे त्यांनी मिंट पेनड्राइव्हवर घेऊन त्यावरून संगणक सुरू करावा. डिस्कवरचे काहीही न पुसता वायफाय, आवाज आणि मराठी टंकलेखन तपासता येते. प्रिंटर अवश्य तपासावा, कारण काही जुने लेझर प्रिंटर लिनक्सवर फार त्रास देतात.

प्रतिसाद : हिशेबनीस

पेनड्राइव्हवर पाहीन. पण जीएसटीचे विवरणपत्र २० तारखेला भरायचे असते, आणि १९ तारखेच्या रात्री काही अडले तर विंडोजची दुरुस्ती करणारा माणूस मला आमच्याच गल्लीत मिळतो. लिनक्ससाठी मी कोणाला हाक मारायची, ते कृष्णाकाठ, आपल्या मूळ धाग्यात आणि प्रतिसादात आलेले नाही. सांगली-मिरजेत असे कोणी काम करत असेल तर येथे लिहावे. तोवर माझ्या घरी विंडोजच राहील.