पहिली मालिका: एकच तालीम धरा
कोल्हापूरचा रंकाळा, गुऱ्हाळ, कुस्तीची तालीम सगळंच पहिल्या फोटो-मालिकेत घेऊ का, असं विचारलंत. माझं मत, नको. एकच तालीम धरा. ताक, तेल, हळद घालून मळलेली हौद्यातली, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यातली लाल माती, पहाटे तीच मल्लांच्या पाठीवर चढलेली, जोड सुटल्यावर मागे राहिलेले पायांचे ठसे... मालिका यातच आहे! 50 मिमीची एकच लेन्स, खिडकीतून येईल तेवढाच उजेड, फ्लॅश अजिबात नको. आधी वस्तादांना विचारा आणि चार-आठ दिवस कॅमेरा न काढता नुसते बसा. नंतर पोस्टकार्डाएवढ्या प्रिंट जमिनीवर मांडून बघा. एकटा देखणा, पण शेजारच्या फोटोंशी न जुळणारा फोटो वगळा. जिवावर येतं, तरी वगळाच. 10-12 उरले तरी भरपूर.