घरी रुग्ण सांभाळणाऱ्या ताईंचं सर्टिफिकेट: दोन दिवसांचं शिबिर पुरे, की अभ्यासाला वेळ द्यायचा?

धागालेखक: शिकवणी

ब्युरोमार्फत, म्हणजे रुग्णाजवळ बसायला माणसं पुरवणाऱ्या एजन्सीमार्फत, घरोघरी जाऊन किंवा छोट्या नर्सिंग होममध्ये रुग्ण सांभाळणाऱ्या बायका वर्षानुवर्षं हेच काम करतात, पण कागदावर 'अनस्किल्ड'च राहतात. त्यांच्यापुढे दोन वाटा आहेत. एक, जनरल ड्युटी असिस्टंट (जीडीए) किंवा होम हेल्थ एडचा पूर्ण कोर्स. दुसरी आरपीएल, म्हणजे हातात आधीपासून असलेल्या कामाची परीक्षा देऊन त्यावर शिक्का घ्यायचा. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात आरपीएलच्या आधी १२ तासांची उजळणी ठरवली होती, त्यातले प्रत्यक्ष विषयाचे तास ६. "दोन दिवस बसवा, तिसऱ्या दिवशी परीक्षा" हा साचा तिथून पडला.

माझं म्हणणं असं की आरपीएल राहू द्या, पण त्याआधी १० आठवडे अभ्यासाला मदत द्या. आठवड्यातून दोनदा दीड-दीड तास, एकूण ३० तास. आणि हे तास ड्युटीत धरा, पैसे न कापता. बारा तासांची पाळी, त्यावर येण्याजाण्याचे दीड-दोन तास आणि मग घरचा स्वयंपाक. अशा बाईला "घरी वाचत जा" म्हणण्यात काही अर्थ नाही.

पहिल्या दोन आठवड्यांत पुस्तक उघडूच नये. फक्त आकडे: थर्मामीटरवरचा पॉइंट कुठे आहे, बीपीच्या मशीनवर वरचा आकडा कोणता, खालचा कोणता, नाडीचा कोणता, औषधाच्या झाकणावरची ५ एमएलची रेघ, दुपारी २ म्हणजे १४:००. ज्यांची शाळा चौथी-पाचवीत सुटली त्यांचं निम्मं भय इथेच जातं.

प्रतिसाद १: ब्युरो_चालक

हेतू चांगला आहे, पण हिशेब मांडू या. १२ तासांच्या पाळीचे ९०० रुपये धरा (दर गावागणिक वेगळा, हा हिशेबापुरता). ३० तास म्हणजे अडीच पाळ्या, २,२५० रुपये. परीक्षेच्या दिवसाची एक पाळी धरली की ३,१५०. हे एका बाईचं झालं. वीस जणी असतील तर ६३,०००. कोण देणार?

पैशापेक्षाही मोठी अडचण बदलीची आहे. तीन तासांची बदली मिळत नाही. बस-रिक्षाचे पैसे खर्चून यायचं तर बाई पूर्ण पाळीच मागते. आणि स्मृतिभ्रंशाच्या आजीबाई नवीन माणसाच्या हातून घासही घेत नाहीत. घरचे लोक पहिल्याच आठवड्यात फोन करतात: "रोजच्या ताईच पाठवा."

शिवाय सर्टिफिकेट हातात पडलं की बाई हॉस्पिटलमध्ये जाते. तिनं जावं, तिचा हक्कच आहे. पण खर्च ब्युरोनं करायचा आणि फायदा तिसऱ्याचा, हे किती दिवस चालेल?

प्रतिसाद २: वॉर्ड_सिस्टर

दोघंही वेळ आणि पैसा यांवर बोलताय. माझा आक्षेप आरपीएलवरच आहे. अनुभव म्हणजे कौशल्य हे गृहीत धरलंय. अनुभवानं हात सरावतो, आणि चुकीच्या गोष्टीलाही तितकाच पक्का सरावतो.

अर्धांगाचा रुग्ण पलंगावरून खुर्चीत बसवायचा आहे. सरसकट दिसणारी पद्धत अशी: पुढे उभं राहायचं, दोन्ही काखांत हात घालायचे आणि "उठा बाबा" म्हणत वर ओढायचं. रुग्ण उठतो, म्हणून पद्धत बरोबर वाटते. पण पॅरॅलिसिस झालेल्या बाजूचा खांदा धरून ठेवणारे स्नायू सैल झालेले असतात. काखेतून ओढलं की खांद्याचा सांधा खाली सरकतो. पुढे तो हात हलवला की रुग्ण ओरडतो आणि फिजिओथेरपी अडते.

खरी पद्धत अशी आहे. व्हीलचेअर चांगल्या बाजूला, पलंगाशी थोडी तिरकी. दोन्ही चाकांचे ब्रेक लावलेले, पायदाणं वर घडी केलेली. रुग्णाला पलंगाच्या कडेला आणून बसवायचं, तळवे जमिनीला पूर्ण टेकलेले आणि गुडघ्यांपेक्षा थोडे मागे. मिनिटभर तसंच बसू द्यायचं, कारण एकदम उठवलं तर बीपी पडून चक्कर येते. मग कमरेचा पट्टा धरायचा, पट्टा नसेल तर कमरेमागे घट्ट बांधलेली ओढणी. आपला गुडघा त्याच्या अधू गुडघ्यासमोर अडसरासारखा ठेवायचा. "नाक माझ्या खांद्याच्या पुढे आणा" असं सांगून त्याला पुढे वाकवायचं, म्हणजे वजन पायांवर येऊन तो स्वतःच उचलला जातो. लघवीची पिशवी आधीच खुर्चीच्या खालच्या दांडीला अडकवायची. ती मांडीवर ठेवतात, आणि मूत्राशयापेक्षा वर गेलेल्या पिशवीतली लघवी नळीतून परत आत उतरते. इन्फेक्शन तिथून सुरू होतं.

नाकातल्या नळीतून भरवण्याचंही तेच. रुग्ण आडवाच, सिरिंजला दट्ट्या लावून पेज आत ढकलायची, पाच मिनिटांत काम आटपलं. खरं तर उशाकडची बाजू ३० ते ४५ अंश वर हवी. नाकाशी केलेली नळीवरची खूण जागेवर आहे का ते आधी बघायचं, खूण सरकली असेल तर भरवायचंच नाही, सिस्टरला किंवा डॉक्टरांना कळवायचं. दट्ट्या काढून सिरिंज उंच धरायची आणि पेज आपोआप उतरू द्यायची. शेवटी २०-३० एमएल पाणी, आणि पुढचा अर्धा ते एक तास रुग्णाला तसंच टेकून बसलेलं ठेवायचं. नाचणीची पेज गाळून घेतली नाही, किंवा गोळी भरड कुटली, की नळी तुंबलीच.

या सवयी मोडायला किती वेळ लागतो? सहा तास नक्कीच नाही, आणि तुमच्या ३० तासांतले सहा आकड्यांवर गेले तर उरलेल्यांतही नाही. पूर्ण कोर्स आणि वॉर्डातलं प्रत्यक्ष काम याला पर्याय नाही. सर्टिफिकेट बघून घरचे लोक जास्त विश्वास टाकतात, म्हणून अर्धवट शिकवलेल्या बाईला शिक्का देणं हे शिक्का नसण्यापेक्षा वाईट.

प्रतिसाद ३: दहावी_आधी

सिस्टरांशी सहमत, पण माझी दिशा वेगळी आहे. जीडीएचा कागद पुढे नेतो कुठे? त्यानं नर्सिंग कौन्सिलची नोंदणी मिळत नाही, इंजेक्शन देण्याचा अधिकार मिळत नाही. तीच मेहनत दहावीवर घाला. दहावीचा कागद हॉस्पिटलात, काही सरकारी भरतीत, बऱ्याच ठिकाणी चालतो.

वाटा दोन. राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म: पाचवी पास आणि वयाची १४ वर्षं पूर्ण असली की बाहेरून दहावीला बसता येतं, शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. दुसरी वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची, म्हणजे एनआयओएस. तिथे मराठी माध्यम आहे, एकदा नोंदणी केली की ५ वर्षं चालते आणि त्यात परीक्षेच्या ९ संधी मिळतात. पाळीत अडकलेल्या बाईला एका वेळी दोनच विषय देता येतात, हे फार मोलाचं. दहावी झाली की बारावी, मग दोन वर्षांचं एएनएम, म्हणजे सहाय्यक परिचारिकेचा कोर्स. अभ्यासाची मदत द्यायची तर ती या जिन्यावर द्या.

प्रतिसाद ४: परीक्षा_टेबल

सर्टिफिकेट कशाचंही असो, या बायका नापास कुठे होतात ते आधी बघा. काम येत नाही म्हणून नापास होणाऱ्या वेगळ्या. काम येत असून नापास होणाऱ्यांची कारणं ठरलेली आहेत.

एक, त्या मुकाट्यानं काम करतात. प्रात्यक्षिकात परीक्षकाला तुमच्या मनातलं दिसत नाही. "काका, मी आता तुम्हाला कुशीवर वळवतेय", "पडदा ओढून घेतला", "हात धुतले, साबणानं ४० सेकंद" हे तोंडानं म्हणावं लागतं. घरी रोज करत असलेलं काम मोठ्यानं बोलत करायचं, हाच सगळ्यात स्वस्त सराव. दोघी-दोघींच्या जोड्या करा, एकीनं पलंगावर रुग्ण व्हायचं.

दोन, दवाखान्यातला कचरा टाकायच्या डब्यांचे रंग. घरी काम करणाऱ्या बाईनं ते डबे कधी पाहिलेलेच नसतात, आणि परीक्षेत ते विचारतात. चार रंगांच्या बादल्या आणा आणि खऱ्या वस्तू टाकायला लावा. रक्ताचा बोळा पिवळ्यात. हातमोजे, लघवीची पिशवी, सलाइनची नळी लालमध्ये. सुई पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यात. काचेची बाटली निळ्यात. तक्ता पाठ करून हे राहत नाही, हातानं टाकून एका तासात राहतं.

तीन, लेखी भाग टॅबवर. मराठी निवडता येते, पण ती मराठी भाषांतरातली. 'शय्याव्रण' वाचून बाई थांबते, बेडसोअर म्हटलं की पाच गोष्टी सांगते. 'निर्जंतुक', 'जीवनावश्यक चिन्हे', 'उत्सर्जन' असे ५०-६० शब्द काढा, समोर रोजचा शब्द लिहा आणि दर वर्गाला पाच-पाच घ्या.

चार, आणि याचा अभ्यासाशी संबंधच नाही: नाव. दाखल्यावर माहेरचं, आधारवर सासरचं, बँकेत तिसरंच. फॉर्म भरतानाच अडतं. विवाह नोंदणीचा दाखला चालतो का हे केंद्राला आधी विचारा, नाही तर राज्य शासनाच्या राजपत्रात नाव बदलून घ्या. त्याला वेळ लागतो, म्हणून हे काम पहिल्या आठवड्यात सुरू करायचं. आधारला जोडलेला मोबाइलही तपासा. तो नवऱ्याचा असेल आणि नवरा कामावर, तर ओटीपी येतो आणि वाया जातो.

प्रतिसाद ५: शिकवणी

@दहावी_आधी, तुमच्या जिन्यात एक पायरी तुटलेली आहे. नर्सिंग परिषदेच्या नियमांत एएनएमच्या प्रवेशाला ३५ वर्षांची मर्यादा आहे. या कामात पस्तिशी ओलांडलेल्या, चाळिशीतल्या बायका खूप आहेत. दहावी, बारावी करून त्या दारापर्यंत पोचतील आणि दार बंद असेल. पंचविशीतली मुलगी असेल तर तुमचंच बरोबर, तिला सतरा नंबरचा फॉर्मच भरून द्यावा. एकच वाट सगळ्यांना लावू नये.

@वॉर्ड_सिस्टर, खांद्याचं आणि नळीचं म्हणणं पूर्ण मान्य. माझ्या आराखड्यात प्रात्यक्षिक कमी पडत होतं, हेही मान्य. दुरुस्ती करते: आकड्यांचे तास सहावरच ठेवायचे, परीक्षा_टेबल यांचे शब्द रोज दहा मिनिटं, आणि किमान १६ तास पलंगाभोवती. त्यातही पाचच गोष्टी: कुशीवर वळवणं, खुर्चीत बसवणं, नळीतून भरवणं, कॅथेटरची (लघवीच्या नळीची) निगा, पाण्या-लघवीची नोंद. पण पूर्ण कोर्स हे उत्तर नाही. काही महिने पाळी सोडून वर्गात बसणं म्हणजे तितक्या महिन्यांचं घरभाडं थकणं. कोर्स चांगला आहे म्हणून ती तिथे पोचत नाही.

@ब्युरो_चालक, बदली बाहेरून आणू नका. जिथे दिवस-रात्र दोघी आहेत तिथे वर्ग संध्याकाळी ६ ते साडेसात घ्या. मंगळवार-शुक्रवार दिवसपाळीच्या, बुधवार-शनिवार रात्रपाळीच्या, कारण त्यांची ड्युटी ८ ला लागते. दिवसपाळीच्या दोन दिवशी रात्रीची ताई अडीच तास आधी येईल. आजीबाईंना ती ओळखीचीच.

प्रतिसाद ६: वॉर्ड_सिस्टर

१६ तास आणि पाच गोष्टी, यावर मी विरोध थोडा सैल करते, पण एका अटीवर: नोंदीच्या तासाला खरी मापं वापरायची. तक्त्यावर "चहा घेतला, सूप घेतलं, लघवी झाली" असं लिहिलेलं डॉक्टरला निरुपयोगी आहे. घरातला कप आधी पाण्यानं भरून मापाच्या ग्लासात ओतून बघायचा, १२० एमएल भरतो की १५० ते कपाच्या बुडाला मार्करनं लिहायचं. लघवी पिशवीवरच्या रेघांवरून मोजू नये, पिशवी वाकडी लटकली की आकडा फसवतो. मापाच्या भांड्यात काढून मोजायची, आणि ओतण्याआधी वेळ लिहायची. हृदयाच्या काही रुग्णांना दिवसाला दीड लिटरच पाणी सांगितलेलं असतं, तिथे रोज दोन-तीनशे एमएलची चूक म्हणजे पायांना सूज आणि धाप.

आणि शिकवायला सिस्टर हवी, फक्त स्लाइड दाखवणारा माणूस नको.

प्रतिसाद ७: ब्युरो_चालक

जोडीची युक्ती दोघी असलेल्या घरी चालेल. २४ तास एकच बाई राहते तिथे काय? तिला संध्याकाळही नाही आणि सुट्टीही नाही. अभ्यासाची सगळ्यात जास्त गरज तिलाच आहे, कारण तिथे चूक पकडणारं दुसरं कुणी नसतं.

पैशांबद्दल माझी तयारी इतकी: परीक्षेची पाळी ब्युरोची. अडीच तासांचे जादा पैसे निम्मे घरच्यांचे, निम्मे ब्युरोचे, आणि हे पहिल्या दिवशीच करारात लिहून घ्यायचं. बाई पास झाली की पाळीमागे ५० रुपये वाढ, तीही त्याच कागदावर. वाढ लिहिलेली नसेल तर ती माझ्याकडे का थांबेल, हे मलाही कळतं. पण "सर्टिफिकेटनंतर सहा महिने सोडून जायचं नाही" ही अट मला हवीय.

प्रतिसाद ८: शिकवणी

करारात वाढ लिहिणार असाल तर निम्म्या पैशांचं मान्य. सहा महिन्यांच्या अटीला विरोध. बांधून ठेवायला बायकांचा मूळ दाखला ब्युरोत ठेवून घेण्याची पद्धत याच अटीतून सुरू होते, आणि मग तो दाखला सतरा नंबरच्या फॉर्मलाही मिळत नाही. थांबवायचं असेल तर वाढ ५० ऐवजी सहाव्या महिन्यात १०० करा.

२४ तासवालीचं उत्तर माझ्याकडे अर्धंच आहे. रविवारी घरचं माणूस घरात असतं. त्यानं दर रविवारी तीन तास रुग्णाजवळ बसायचं, हे काम देतानाच ठरवून घ्यावं. दहा रविवार म्हणजे तेच ३० तास. कुटुंबाला हे पटवायचं काम ब्युरोचं आहे, ते बाईवर ढकलू नका.