मदत हवी आहे: गीतरत्न तरुणांना कसं समजावू?

सर्वांना जय ख्रिस्त. पुण्यात कॅम्पातल्या आमच्या तरुण संघात पुढच्या रविवारी मला गीतरत्नावर, म्हणजे बायबलमधल्या प्रेमगीतांच्या पुस्तकावर, बोलायचं आहे. मागच्या खेपेला चौथा अध्याय वाचला. गिलाद डोंगरावरून उतरणाऱ्या शेरडांच्या कळपासारखे केस, नुकत्याच कातरून धुतलेल्या मेंढ्यांसारखे दात! एकीनं सरळ विचारलं, "ताई, हे तर प्रियकर-प्रेयसीचं गाणं. यात येशू कुठे आहे?" मला पटकन उत्तर सुचलं नाही, आणि ते अजून मनाला लागून आहे.

ओरिगेन या ख्रिस्ती विद्वानाने तिसऱ्या शतकात यात ख्रिस्त आणि मंडळीचं (म्हणजे चर्चचं), ख्रिस्त आणि आत्म्याचं नातं पाहिलं. क्लेअरव्होच्या बर्नार्ड या मध्ययुगीन मठाधिपतीने यावर ८६ प्रवचनं दिली, तरी तो तिसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीपर्यंतच पोचला. नवरा-बायकोचं नातं ख्रिस्त आणि मंडळीच्या नात्याशी जोडणारा, बायबलमधल्या इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्यायही हाताशी आहे. पण सगळंच रूपक म्हटलं, तर नवरा-बायकोच्या प्रेमाला देवाने दिलेला मान झाकला जातो, असं मला मनापासून वाटतं.

दोन्ही अर्थ एकत्र कसे मांडाल? ज्ञानेश्वरांच्या विरहिणींचा, म्हणजे देवाच्या विरहात व्याकूळ प्रेयसीच्या अभंगांचा, दाखला दिला, तर मुलांना चटकन कळेल. पण वडीलधाऱ्यांना खटकेल का? कुणी असा अभ्यास घेतला असेल तर कृपया शनिवारपर्यंत सांगा.