पात्रं सगळी एकाच आवाजात बोलतात, काय करू?

अर्धविराम: कथेचा सांगाडा जमतो, पण संवाद आले की घोडं अडतं. बहीण-भाऊ वडिलांचं घर विकण्यावरून भांडतायत. भाऊ म्हणतो, "बाबा होते तेव्हा फिरकली नाहीस, आता हक्क सांगतेस?" ती म्हणते, "तू मला कधी समजूनच घेतलं नाहीस." दोन्हीकडून मीच बोलतोय असं वाटतं. "रोज लिहीत जा" सोडून काही सांगाल?

खोडरबर: रोज लिहून खोडच पक्की होते, तेव्हा तक्रार रास्त आहे. पण दुखणं आवाजाचं नाही. दोघंही मनातलं जसंच्या तसं ओकतायत, म्हणून सारखे वाटतात. 'घर' आणि 'हक्क' हे शब्द प्रसंगातून हद्दपार करा. दोघांना काहीतरी काम द्या. समजा, वडिलांचं कपाट आवरतायत:

"हा चष्मा ठेवायचा?"
"कुणाचाय?"
"ओळखू येत नाही?"
"बाबांची फ्रेम काळी होती."
"तीन वर्षं झाली बदलून."

ती किती काळ आली नाही, हे कुणी न सांगता कळलं. भाऊ टोचतोय, तीही हटत नाहीये. आता नावं झाकून वाचा. कोण बोलतंय ते कळलं नाही, तर ती ओळ पाडा. आणि "तो संतापून म्हणाला" मधलं 'संतापून' तर आधी उडवा. वाक्यात संताप असेल तर तो दिसतोच.

मोरपीस: अर्धंच पटलं. सगळेच आडून बोलायला लागले की वाचक कंटाळतो. कुणीतरी एकदा सरळ बोलायला हवं, फक्त उशिरा.

खोडरबर: मान्य. आणि ते बोलून झाल्यावर वाद मिटता कामा नये, उलट चिघळायला हवा.

टाकबोरू: सरावाचं म्हणाल तर बेंजामिन फ्रँकलिनची युक्ती बघा, त्याच्या आत्मचरित्रात आहे. आवडलेल्या निबंधातल्या प्रत्येक वाक्याचं जुजबी टिपण काढायचा, काही दिवस बाजूला ठेवायचा, मग मूळ न बघता तो पुन्हा लिहून ताडून बघायचा. मी हेच संवादांवर करते. टिपणात शब्द नाहीत, फक्त त्या ओळीत कुणाला काय हवंय ते: 'टाळतो', 'डिवचते', 'विषय बदलतो'. ताडताना हमखास दिसतं की मूळ लेखक जिथे गप्प बसलाय, तिथेच मी दोन वाक्यं जास्त लिहिलीयेत.

अर्धविराम: नावं झाकून वाचलं. पहिल्या पानावरच्या नऊ ओळी गेल्या. चष्मा ढापला तर चालेल?

खोडरबर: नको. तुमच्या कपाटात वेगळं काहीतरी निघेल, ते शोधा.