मदत हवी आहे: १७७६ च्या राजनिष्ठांची बाजू आमच्या मुलांपुढे कशी मांडावी?

नमस्कार मंडळी,

देवगड तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी इतिहास शिकवते. पुढच्या शनिवारी अकरावीचा वादविवाद आहे. विषय: तेरा अमेरिकन वसाहतींनी इंग्लंडपासून वेगळं व्हावं का? आम्ही चिठ्ठ्या टाकल्या. ‘होऊ नये’ ही बाजू, म्हणजे इंग्लंडच्या राजाशी एकनिष्ठ राहिलेल्या वसाहतवाल्यांची (राजनिष्ठांची), जिच्या वाट्याला आली ती मुलगी दुसऱ्या दिवशी रडवेली होऊन आली. "मॅडम, मी गद्दारांच्या बाजून बोलू काय?"

तिला नुसतं ‘बोल गं, स्पर्धाच आहे’ असं सांगून मला वाटेला लावायचं नाही. ही माणसं लाचार नव्हती, हे तिला पटलं तरच ती उभी राहील.

माझ्याकडे आहे ते असं. जोसेफ गॅलोवे या राजनिष्ठाने सप्टेंबर १७७४ मध्ये फिलाडेल्फियाच्या काँग्रेसपुढे (वसाहतींच्या प्रतिनिधींच्या बैठकीपुढे) योजना ठेवली: सर्व वसाहतींची मिळून एक सभा असावी आणि वसाहतींना लागू होणाऱ्या कायद्यांना पार्लमेंट व ही सभा या दोन्हींची संमती लागावी. म्हणजे वसाहतींना न विचारता कायदे लादले जातात, हे गाऱ्हाणं त्यालाही मान्य होतं. घर दुरुस्त करा, पाडू नका, एवढंच त्याचं म्हणणं. पाच विरुद्ध सहा मतांनी योजना बाजूला पडली. एका मताने! सॅम्युअल सीबरी हा पाद्री शेतकऱ्याच्या नावाने लिहायचा. मालाची आयात-निर्यात बंद केली तर आधी शेतकरी मरेल, आणि बहिष्कार पाळला जातोय का ते बघायला गावसमितीची माणसं घरात शिरून चहाचे डबे नि काकवीचे बुधले तपासतील, हा त्याचा राग. गुलामच व्हायचं तर एका राजाचा होईन, या टोळक्याचा नाही, असं तो म्हणाला. त्याला उत्तर लिहिणारा अलेक्झांडर हॅमिल्टन तेव्हा विद्यार्थी होता, हे मुलांना आवडेल.

अडचण पुढे आहे. राजनिष्ठांचा सर्वांत वजनदार मुद्दा समुद्राचा. ब्रिटिश निशाण असेल तोवर वसाहतींच्या जहाजांमागे सगळं आरमार उभं. निशाण उतरलं की गलबत उघड्यावर. आणि तसंच झालं. १७८५ मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या अल्जियर्सच्या चाच्यांनी दोन अमेरिकन जहाजं धरली, खलाशी कित्येक वर्षं कैदेत राहिले. हे आमच्या मुलांना सांगावं लागत नाही, अर्ध्या वर्गाच्या घरी होडी आहे. पण त्याच इंग्रजी आरमाराने १७५६ मध्ये विजयदुर्गाखाली तुळाजी आंग्र्यांचं आरमार जाळलं. किल्ला इथून हाकेच्या अंतरावर. त्या आरमाराची थोरवी या मुलीने कोणत्या तोंडाने गावी? कृपया सुचवा.

प्रतिसाद १:
ताई, आधी शब्द बदला. ‘राजनिष्ठ’ म्हटलं की आपल्याकडे रावबहादूर डोळ्यांपुढे येतो. ‘एकत्र राहू म्हणणारे’ म्हणा. आणि तिला एक फरक पक्का समजावून द्या. हे वसाहतवाले स्वतःला इंग्रजच समजत होते. इंग्रज म्हणून आपले हक्क आहेत, ते त्याच राज्यात राहून मागू, अशी त्यांची भूमिका. आपलं तसं नातं कधीच नव्हतं. त्यामुळे त्यांची बाजू मांडली म्हणजे हिंदुस्थानातल्या इंग्रजी राज्याची बाजू घेतली असं होत नाही. विजयदुर्गाचा प्रश्न कुणी विचारायच्या आत तिनेच काढावा. पोर्तुगीजांचा कार्ताझ काय नि आंग्र्यांचा दस्तक काय, परवाना नसलेलं गलबत धरलं जायचं हे या किनाऱ्याला ठाऊक आहे. ज्याचं आरमार त्याचा दर्या. जळणारी बाजू आपण पाहिली म्हणूनच ते छत्र सोडायची बॉस्टनच्या व्यापाऱ्याला धास्ती का वाटली, ते आपल्याला जास्त कळतं.

प्रतिसाद २:
वरच्याला +१. एक सावधगिरी. नोव्हेंबर १७७५ मध्ये व्हर्जिनियाचा गव्हर्नर डनमोर याने राजासाठी लढणाऱ्या गुलामांना मुक्ती जाहीर केली. तिने हा मुद्दा जरूर घ्यावा, पण मुक्ती फक्त बंडखोर मालकांच्या गुलामांना होती आणि डनमोर स्वतः गुलाम बाळगून होता. हे लपवलं तर समोरचा गट तिथेच पकडेल. तरी युद्ध संपल्यावर इंग्रजांच्या आश्रयाला आलेली सुमारे ३,००० कृष्णवर्णीय माणसं न्यूयॉर्कहून नोव्हा स्कोशियाला (आजच्या कॅनडात) गेली, हे खरंच.

धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार. आज मधल्या सुट्टीत तिला हे सगळं वाचून दाखवलं. विजयदुर्गापासूनच सुरुवात करते म्हणाली. शेवटासाठी मी तिला जोसेफ गॅलोवेच्या बायकोबद्दल, ग्रेसबद्दल सांगितलं. नवरा १७७८ मध्ये मुलीला घेऊन इंग्रजांबरोबर निघून गेला, ही वडिलोपार्जित मालमत्ता राखायला फिलाडेल्फियात एकटी राहिली. घरातून बाहेर काढली गेली आणि १७८२ मध्ये वारली. नवरा, लेक पुन्हा दिसले नाहीत. मुलगी बराच वेळ गप्प होती. मग विचारलं, "मॅडम, तिच्याच तोंडून बोलले तर चालात?"

नियमात बसतं का, ते उद्या परीक्षकांना विचारते.